तळघरातले अजगर आणि कॉलेजचा अर्ज

बहिणीचा फोन आला तेव्हा साताऱ्यात सकाळचे सात वाजत होते. म्हणजे तिच्याकडे, पेनसिल्व्हेनियात, रात्रीचे साडेनऊ. अशा वेळी ती फोन करते ती कुणाचं काही बरंवाईट झालं तरच, म्हणून मी चहाचा कप खाली ठेवला.

"दादा, तू जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलंस ना? मग आता तूच बोल तुझ्या भाच्याशी. कॉलेजचा अर्ज भरणार नाही म्हणतो. साप वाढवून पिल्लं विकणार म्हणे. आम्ही काय याच्यासाठी इथवर आलो?"

मागून भाच्याचा आवाज आला, "मामा, तिला सांग ना, हा खराखुरा बिझनेस आहे."

बिझनेस खराखुरा आहे हे मला ठाऊक होतं. आदल्या उन्हाळ्यात मी तो डोळ्यांनी पाहून आलो होतो. घराच्या तळघरात एका भिंतीला लागून उंच लोखंडी मांडणी, तिच्यात औषधाच्या दुकानात असतात तसे खण. फक्त हे खण प्लास्टिकचे आणि तव्यासारखे रुंद. त्याला ही मंडळी रॅक म्हणतात. मागच्या बाजूने गरम पट्टी गेलेली, तिला थर्मोस्टॅट. प्रत्येक खणात नारळाच्या भुशाचा थर, पाण्याची वाटी आणि एक साप. भाच्याने एक खण ओढला. आतल्या मादीने डोकं पोटाखाली घेऊन स्वतःचा असा गोळा केला की टोक कुठलं आणि सुरुवात कुठली ते कळेना. म्हणूनच नाव बॉल पायथन. मला वाटलं होतं तळघरात सापांचा वास येईल. सापांना वास जवळजवळ नव्हताच. वास येत होता तो पलीकडच्या गॅरेजमधून, उंदरांचा. या धंद्यातलं रोजचं काम उंदरांचं असतं, हे मला त्या वासाने पहिल्यांदा शिकवलं.

'साप की शिक्षण' हा प्रश्न फक्त आमच्या घरचा असता तर मी त्यावर लेख लिहिला नसता. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, जर्मनीत हजारो पोरं या वळणावर उभी राहतात. इकडे महाराष्ट्रातही, वेगळ्या रूपात, तालुक्या-तालुक्यात उभी आहेत. त्यामुळे एकदा सगळा मामला उलगडून पाहावा असं वाटलं.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन इथल्या गवताळ रानात आणि शेतांच्या कडेला, बहुतेकदा उंदरांच्याच बिळांत राहणारा. चार-साडेचार फूट लांबी, बिनविषारी, स्वभाव इतका भिडस्त की चावण्यापेक्षा गोळा होणं पसंत. १९७५ नंतर या देशांतून असे तीस लाखांहून जास्त साप परदेशी गेले. रानातून आलेला साधा तपकिरी साप फार स्वस्त असायचा. त्याला सोन्याचा भाव आला तो रंगामुळे. १९९२मध्ये ओक्लाहोमाच्या बॉब क्लार्क यांनी बंदिस्त जागेत अल्बिनो बॉल पायथनची वीण यशस्वी केली आणि हा रंग पिढीजात उतरतो हे सिद्ध झालं. १९९७मध्ये पीटर काल यांनी पांढऱ्या पट्ट्यांच्या पाइडचंही तसंच सिद्ध केलं. मग रांगच लागली. पेस्टल, मोजावे, स्पायडर, बनाना, क्लाउन. एकेका रंगप्रकाराला मॉर्फ म्हणतात आणि त्यांच्या मिश्रणांची यादी आता हजारोंत आहे.

आपल्याकडे बारावीला वाटाण्याची झाडं शिकवतात, तोच मेंडेल इथे रोख पैशात भेटतो. अल्बिनो रंग दिसायला आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही जनुक लागतात. एकच मिळाला तर साप दिसायला साधा, पण पोटात रंग लपवलेला. त्याला म्हणतात 'हेट'. दोन हेटांची जोडी लावली तर सरासरी चारांत एक पिल्लू रंगीत. उरलेल्या तिघांत दोघे हेट असतात, पण कुठले दोघे ते पाहून कळत नाही. म्हणून बाजारात ते '६६ टक्के पॉसिबल हेट' या नावाने विकले जातात. माझे वर्गातले विद्यार्थी हे गणित परीक्षेपुरतं पाठ करायचे. भाचा ते तोंडी सोडवतो, तेही तीन-तीन जनुकांचं, आणि त्यातल्या प्रत्येक खान्यासमोर डॉलरची किंमत लिहितो. मास्तर म्हणून मला त्या दिवशी जरा हेवा वाटला.

आता किमतीकडे. सुरुवातीच्या अल्बिनोंना हजारो डॉलर मोजले गेले. आज साधा अल्बिनो शे-दोनशेच्या घरात मिळतो आणि पेस्टलसारखे काही रंग त्याहूनही खाली आले आहेत. यात कुणाची लबाडी नाही, वाढीचा वेग नडतो. नर दीड वर्षात कामाला येतो. मादीला अंडी घालण्याजोगं, म्हणजे साधारण दीड किलोचं, व्हायला तीन वर्षं तरी लागतात. आज तुम्ही नव्या रंगाची पिल्लं पाच हजारांना घेतलीत तर तुमची पहिली अंडी तीन-चार वर्षांनी. त्याच वर्षी तोच रंग घेतलेल्या बाकी सगळ्यांचीही पहिली अंडी तेव्हाच. सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मागल्या वर्षी कांद्याला भाव होता म्हणून सगळ्यांनी कांदाच लावला की काय होतं, हे लासलगावात पोरंही सांगतील.

पण कांदा निदान लोक खातात. इथे शेवटचं गिऱ्हाईक कोण, हा खरा प्रश्न. महाराष्ट्रातल्या वाचकाला इमू आठवत असेल. २०१० च्या आगेमागे माळरानावर जाळ्या लावून इमू पाळले गेले. अंड्याला, पिल्लाला, जोडीला भाव होता. तो भाव देणारा मात्र बहुतेकदा पुढचा इमूपालकच होता, मांस किंवा तेल विकत घेणारा नव्हे. नवे पालक यायचे थांबले आणि काही वर्षांत पक्षी फुकट नेणाराही मिळेना. पुढे कडकनाथ कोंबडीच्या नावानेही काही ठिकाणी तेच घडलं, आणि तिथे तर उघड फसवणूक होती. सापांचा बाजार तसा नाही. घरात एक साप पाळावा म्हणून घेणारे लोक खरोखर आहेत आणि भरपूर आहेत. पण त्यांना साधासुधा, गुणी, खाणारा साप हवा असतो आणि ते त्याला पन्नास-शंभर डॉलर देतात. हजारांची भाषा करणारा समोरचा माणूस दहातल्या नऊ वेळा स्वतःच ब्रीडर असतो, किंवा होऊ घातलेला असतो. मी भाच्याला पहिला प्रश्न हाच विचारला. तू विकलेल्या शेवटच्या पाच सापांपैकी किती फक्त पाळायला गेले? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "एक."

मग आम्ही दोघांनी कागद घेतला. आकडे त्याचे, वजाबाकी माझी. समजा दहा माद्या आणि दोन नर. दहाच्या दहा दरवर्षी अंडी घालत नाहीत, सहा-सात घालतात. एका वेळी सरासरी सहा अंडी. काही खराब निघतात, एखाद-दुसरं पिल्लू खातच नाही. हाती येतात पस्तीस पिल्लं. सरासरी दीडशे डॉलर धरले, आणि ही सरासरी उदार आहे, तर सव्वापाच हजार. खर्चात मोठ्या बारा सापांचे वर्षभराचे उंदीर, पिल्लांचे महिना-दोन महिन्यांचे छोटे उंदीर, वीज, भुसा, पशुवैद्य, प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं, ऑनलाइन जाहिरात. सगळं मिळून तेहतीसशेच्या आसपास. उरले दोन हजार. आठवड्याला आठ तास काम, म्हणजे वर्षाचे चारशे तास. तासाला पाच डॉलर पडले. पेनसिल्व्हेनियात किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे.

"पण मामा, मी दहावर थांबणार नाही," तो म्हणाला. बरोबर. मग पन्नास हजार डॉलर उरायला अडीचशे माद्या लागतील आणि दरवर्षी पावणेनऊशे पिल्लं विकावी लागतील. घाऊक खरेदीत जे वाचेल ते मजुरीत जाईल. अडीचशे माद्या म्हणजे तळघर संपलं, शेड आली, उंदरांची स्वतंत्र पैदास आली, दोन नोकर आले. हे करणारे लोक आहेत. पण त्यांचा दिवस साप हाताळण्यात फारसा जात नाही. तो जातो गिऱ्हाइकांच्या चौकशांना उत्तरं देण्यात, खोकी बांधण्यात, उंदरांचे पिंजरे धुण्यात आणि हिशेब लिहिण्यात. अमेरिकन टपाल खातं साप नेत नाही. खाजगी कुरिअरने, रात्रीत पोहोचणाऱ्या सेवेनं, आतून थर्माकोल लावलेल्या खोक्यात पाठवावे लागतात. हिवाळ्यात उबेची पिशवी टाकायची, आणि पलीकडच्या शहराचं हवामान पाहिल्याशिवाय खोकं सोडायचं नाही.

वर्षाचं वेळापत्रक हा मुद्दा फार कमी लोक मांडतात, आणि कॉलेजच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. नर-मादी एकत्र सोडण्याचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च. अंडी वसंतात. साधारण ३१-३२ अंश सेल्सिअसवर पंचावन्न ते साठ दिवस उबवण. पिल्लं मे ते ऑगस्ट. कात टाकल्यावर पहिलं खाणं, आणि ते खातंय याची खात्री झाल्याशिवाय प्रामाणिक माणूस पिल्लू विकत नाही. म्हणजे जोड्या लावायच्या डिसेंबरच्या परीक्षांत, अंडी गोळा करायची मेच्या परीक्षांत, आणि सर्वांत जास्त हात लागतात ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. एका बाजूने हे जुळतं, दुसऱ्या बाजूने नडतं. वसतिगृहात साप ठेवू देत नाहीत. घरापासून चारशे मैलांवरचं कॉलेज घेतलं की साप आईच्या गळ्यात. घराजवळचं घेतलं तर धंदा चालतो आणि शिक्षणही होतं. भाच्याच्या बाबतीत कॉलेज कुठलं याहून ते किती लांब, हे जास्त महत्त्वाचं होतं. ते शाळेतल्या समुपदेशकाच्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

या क्षेत्रात नाव केलेल्यांकडे पाहिलं की काय दिसतं? टेक्सासचे डेव्हिड आणि ट्रेसी बार्कर हे जीवशास्त्र शिकलेलं जोडपं. त्यांनी वीण केली आणि २००६मध्ये बॉल पायथनवर जाडजूड पुस्तकही लिहिलं. मिशिगनचे ब्रायन बार्झिक घाऊक पैदाशीत मोठे होते. पण जगाला ते ठाऊक झाले ते यूट्यूबमुळे, आणि शेवटच्या वर्षांत त्यांची ओळख होती ती त्यांनी उभारलेल्या 'रेप्टेरियम' या लहानशा प्राणिसंग्रहालयाची. २०२४च्या जानेवारीत ते कर्करोगाने गेले तेव्हा त्यांचे लाखो प्रेक्षक हळहळले. त्यांतल्या बहुतेकांनी त्यांच्याकडून कधी साप विकत घेतला नसणार. मला यातून इतकंच दिसतं की टिकलेल्यांनी पिल्लं विकण्याच्या शेजारी आणखी काही विकलं. कुणी ज्ञान, कुणी करमणूक, कुणी रॅक आणि थर्मोस्टॅट. सोन्याच्या शोधात आलेल्यांना फावडी विकणारे अधिक कमावतात ही गोष्ट जुनी आहे, पण इथे ती शब्दशः खरी आहे.

कायद्याचा मुद्दा स्वतंत्र. २०१२मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने लेसी कायद्याखाली बर्मीज अजगरासह चार मोठ्या सापांना घातकांच्या यादीत घातलं आणि त्यांची राज्याराज्यांतली ने-आण बंद केली. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत सुटलेले बर्मीज अजगर तिथली ससे-रॅकूनसारखी जनावरं फस्त करत होते. २०१५मध्ये जाळीदार अजगर आणि आणखी काही ॲनाकोंडा यादीत आले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरची बंदी २०१७मध्ये न्यायालयात पडली खरी, पण दोन-चार वर्षांत ज्यांनी जनावरं मातीमोल विकून टाकली त्यांना ती परत मिळाली नाहीत. फ्लोरिडाने २०२१मध्ये आपल्या राज्यापुरती बंदी आणखी आवळली. हवाईत तर कुठलाच साप खाजगी माणसाने पाळायचा नाही. बॉल पायथन आज या केंद्रीय यादीत नाही. उद्याचं कोण सांगणार?

चीनमधलं उदाहरण याहून बोलकं आहे. झेजियांग प्रांतातलं झिसिछियाव हे गाव वर्षाला सुमारे तीस लाख साप पैदा करायचं, मांसासाठी, औषधासाठी, कातड्यासाठी. १९८०च्या दशकात यांग होंगचांग या शेतकऱ्याने सुरुवात केली आणि घराघरात सापांची पैदास सुरू झाली. फेब्रुवारी २०२०मध्ये करोनाच्या पाठोपाठ चीनने वन्यप्राणी खाण्यावर आणि त्या व्यापारावर बंदी आणली. त्यात गावाचा मांसाचा बाजार बसला.

मग रोगराई. २०१४मध्ये बॉल पायथनमध्ये निडोव्हायरस ओळखला गेला. श्वासाचा रोग, साप तोंड उघडं टाकून धापा टाकतो. नवीन आणलेला एक आजारी साप विलगीकरण न करता रॅकमध्ये गेला तर चार वर्षांची मेहनत चार महिन्यांत जाते. या धंद्यात पिकाचा विमा नाही. आणखी एक गोष्ट, जी विक्रेते हळू आवाजात सांगतात. स्पायडर नावाचा सुंदर रंगप्रकार जन्मतःच तोल जाण्याच्या दोषासह येतो. साप डोकं वाकडं करून डुलत राहतो. रंग आणि दोष एकाच जनुकात. तरीही तो विकला जातो. भाच्याने स्वतःहून स्पायडर ठेवायचं नाही असं ठरवलंय, आणि मला त्याच्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा हा निर्णय जास्त आश्वासक वाटला.

आता शिक्षणाची बाजू. बहिणीच्या डोक्यात 'साप आवडतात तर हर्पेटॉलॉजी कर' असं होतं. अमेरिकेत बीएस्सीला हर्पेटॉलॉजी, म्हणजे सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांचं शास्त्र, असा विषय सहसा नसतो, जीवशास्त्र करून पुढे त्यात जायचं. तिथल्या श्रम खात्याच्या मे २०२३च्या आकडेवारीत वन्यजीवशास्त्रज्ञांचं मध्यम वार्षिक वेतन सत्तर हजार डॉलरच्या आसपास आहे. पशुवैद्यांचं एक लाख एकोणीस हजार. प्राण्यांची निगा राखणाऱ्या कामगारांचं मात्र तीस-पस्तीस हजारांच्या आतबाहेर. आणि प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागात जागा निघाली की त्या तुटपुंज्या पगारासाठीही पदवीधरांची झुंबड उडते. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलचं सांता फे कॉलेज आणि कॅलिफोर्नियातलं मूरपार्क कॉलेज यांच्या आवारात स्वतःची प्राणिसंग्रहालयं आहेत, विद्यार्थीच ती चालवतात. हात घाण करायची तयारी असलेल्या मुलाला हा मार्ग उत्तम, पण त्यातून बाहेर पडल्यावरची नोकरी त्याच तीस-पस्तीस हजारांची. पशुवैद्य व्हायचं तर पदवीनंतर आणखी चार वर्षं आणि डोंगराएवढं कर्ज. पशुवैद्यकीय तंत्रज्ञ दोन वर्षांत होता येतं. त्याचं कर्जही फेडण्याजोगं, आणि सापांचं दुखणंखुपणं ओळखायला त्याचा रोज उपयोग.

माझं मत थोडं आडवळणाचं आहे. ज्याला साप वाढवायचे आहेत त्याने सापांचंच शिकलं पाहिजे असं नाही. त्याला लागतो हिशेब, वीजजोडणीची समज, थोडं जनुकशास्त्र, आणि ठरावीक वेळात सुटणारी नोकरी. एखादा इलेक्ट्रिशियन किंवा अकाउंटंट साप फार चांगले वाढवू शकतो. हर्पेटॉलॉजीत पीएचडी करणारा तीन महिने रानात असेल तर त्याच्या तळघरातले साप कोण पाहणार? आणि आठवडाभर दुसऱ्याच्या पिंजऱ्यांतली घाण काढून आल्यावर घरच्या पिंजऱ्यांची घाण काढायची हौस किती दिवस टिकते, हेही पाहिलं पाहिजे.

पण जनुकशास्त्राला अपवाद करतो. मिशिगनमधल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात हॅना सायडेल यांच्या वर्गातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी सापमालकांकडून पोस्टाने सापांच्या काती मागवल्या. टाकून दिलेली कात, ज्याला कवडीची किंमत नाही. तिच्यातून डीएनए काढून बॉल पायथनच्या तीन रंगांमागचे जनुकबदल शोधले, आणि २०२२मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने पाइड रंगाचा संबंध एका विशिष्ट जनुकाशी जोडून दाखवला. ब्रीडरांनी तीस वर्षं वह्यांत लिहून ठेवलेल्या वंशावळी शास्त्रज्ञांना आयत्या मिळाल्या. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला. कॉलेज म्हणजे सापांपासून दूर जाणं, अशी त्याची समजूत होती. सापाची कात घेऊन प्रयोगशाळेत जाता येतं हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

अमेरिकेतल्या पोराच्या बाजूने आणखी दोन गोष्टी आहेत. वयाच्या २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या आरोग्यविम्यात राहता येतं, म्हणजे प्रयोग करायला काही वर्षांची मुभा. आणि आयकर खातं साधारणपणे पाचांतल्या तीन वर्षी नफा दाखवणाऱ्यालाच धंदेवाईक मानतं, बाकीच्यांचा तो छंद. ही कसोटी मला कुठल्याही समुपदेशकाच्या सल्ल्यापेक्षा प्रामाणिक वाटते.

इकडे महाराष्ट्रात मला दर महिन्याला कुणी तरी सर्पमित्र मुलगा विचारतो, "सर, सापांचा फार्म काढता येईल का?" उत्तर दोन अक्षरी आहे: नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २०२२च्या दुरुस्तीनंतर अजगर, नाग, घोणस पहिल्या अनुसूचीत आहेत. देशी साप पकडणं, पाळणं, विकणं सगळंच गुन्हा. बॉल पायथन परदेशी, पण तो वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या यादीतला म्हणून चौथ्या अनुसूचीत आला. ज्यांच्याकडे आहे त्यांनी २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची, जन्ममृत्यू कळवायचे. आणायचा तर परवाना. त्यामुळे चोरटी वाट फोफावते. सप्टेंबर २०२३मध्ये बेंगळुरू विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात ७२ साप सापडले, त्यांतले ५५ रंगीत बॉल पायथन. अशा मालातून 'स्टार्टअप' काढणाऱ्याने वकिलाचा खर्च आधी धरावा.

मग सापांवर प्रेम असलेल्या आपल्या पोराने करायचं काय? भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने अंदाजे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं आणि त्याचं काम परळच्या हाफकिनमध्ये दशकानुदशकं झालं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलंय की एकाच जातीचं विष प्रदेशागणिक बदलतं, म्हणजे एकाच भागातल्या विषावर बनलेलं औषध देशभर सारखं लागू पडत नाही. इथे काम पडलंय, आणि त्याला माणसं कमी आहेत. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण दवाखान्यांत बसून दंशावर काम केलं. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत एमएस्सी होते, एमपीएससीतून वनसेवेत जाता येतं, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पशुवैद्य होता येतं. पदवीशिवायही वाट सापडते, पण ती अरुंद. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८०मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले आणि पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. पुण्याचेच अशोक कॅप्टन मूळचे सायकलपटू. त्यांनी रोम्युलस व्हिटेकर यांच्यासोबत २००४मध्ये भारतीय सापांचं असं मार्गदर्शक पुस्तक केलं की आज प्रत्येक अभ्यासकाच्या पिशवीत ते असतं.

आणि इरुळा. तमिळनाडूतल्या या आदिवासींची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ची. साप पकडायचा, तीन आठवडे ठेवायचा, काही वेळा विष काढायचं, परत रानात सोडायचा. पैदास शून्य, तरीही सापांवर घरं चालली. २०१७मध्ये फ्लोरिडाने वाढलेल्या अजगरांपुढे हात टेकले तेव्हा तिथल्या विद्यापीठाने वडिवेल गोपाल आणि मासी सदयन या दोघा इरुळांना बोलावलं. पहिल्या आठ दिवसांत त्यांनी तेरा अजगर पकडले. औपचारिक शिक्षण नसलेल्या या दोघांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. सापांचा सर्वांत पक्का अभ्यासक्रम कुठला, या प्रश्नाला इथे एक उत्तर आहे. पण तो अभ्यासक्रम जन्माने मिळतो, प्रवेशअर्ज भरून नाही.

एक गोष्ट मी भाच्याला शेवटी सांगितली. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात २०२०च्या जुलैत एका बॉल पायथन मादीने सात अंडी घातली. तिचं वय बासष्टच्या वर, आणि कित्येक वर्षं नर तिच्या जवळपासही नव्हता. अजगर हा गाय-म्हशीसारखा दहा-पंधरा वर्षांचा सोबती नव्हे. आज घेतलेली पिल्लं तुझ्या निवृत्तीपर्यंतही जगू शकतील. भाव पडला म्हणून त्यांना इमूसारखं सोडून देता येत नाही.

त्याने शेवटी घरापासून पस्तीस मिनिटांवरचं कॉलेज घेतलं. पहिलं वर्ष जीवशास्त्र, जोडीला अकाउंटिंगचा एक विषय, तो माझ्या आग्रहाखातर. माद्या आठच ठेवल्यात, चार विकल्या. पेनसिल्व्हेनियातल्याच हॅमबर्गच्या सरीसृप प्रदर्शनात त्याने टेबल घेतलं, आणि त्या दिवशी पाळायला साप नेणारी चार कुटुंबं भेटल्याचं मला आवर्जून कळवलं. पहिल्या सत्रात गणितात त्याला सी मिळाला, त्याबद्दल त्याच्या आईने मला जबाबदार धरलं आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सकाळी सातला फोन वाजला. भाचा लायब्ररीत होता, दुसऱ्या दिवशी पेपर होता. बहीण तळघरात उभी होती. तिला सापाचं चित्र असलेलं पुस्तकही घरात चालायचं नाही.

"दादा, इथे एकोणनव्वद दाखवतंय," ती कुजबुजली, जणू कुणी झोपलं होतं. "फॅरनहाइट. चालेल ना? आणि एका अंड्याला चीर गेल्यासारखी दिसतेय. हात लावू की नको?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "फक्त झाकण लाव."

"लावते," ती म्हणाली, पण फोन ठेवला नाही.